करवीर कुल: सदाफुलीपासून बिट्टीपर्यंत

रानजाई (धागाकर्ती)

सोसायटीच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) गटावर ते ढकलपत्र पुन्हा फिरतंय. ‘रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच पानं चावून खा, साखर आणि कॅन्सर दोन्ही पळतील.’ खाली नमस्काराचे हात आणि ‘छान माहिती’. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे तिथे दोन ओळी खरडून माझं समाधान होईना. इथे वैद्य आहेत, डॉक्टर आहेत, शेतकरीही आहेत, म्हणून धागाच काढला. भर घाला, खोडून काढा.

सदाफुली ज्या घराण्यातली ते करवीर कुल, म्हणजे ॲपोसायनेसी. ज्यूसिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये हे कुल मांडलं. रुई, उपळसरी, गुडमार, कंदीलपुष्प ही मंडळी त्यातून १८१० मध्ये रॉबर्ट ब्राऊनने वेगळी काढली होती. पुढे डीएनए तपासल्यावर ती वाटणी रद्द झाली आणि सगळे पुन्हा एका छपराखाली आले. आता जाती ५,००० च्या आसपास, बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. आपल्या ओळखीतल्या सांगायच्या तर कण्हेर, बिट्टी, चाफा, तगर, अलमांडा, करवंद, कुडा, सातवीण, सर्पगंधा. पान खुडलं की बहुतेकांच्या देठातून पांढरा चीक येतो.

या चिकात आणि साली-मुळांत जी रसायनं आहेत ती ढोबळमानाने तीन प्रकारची. सदाफुली, सर्पगंधा आणि सातवीण यांच्यात इंडोल गटातले अल्कलॉइड. कण्हेर, बिट्टी, रुई यांच्यात थेट हृदयावर काम करणारे ग्लायकोसाइड. कुड्यात स्टेरॉइडच्या सांगाड्याचे अल्कलॉइड. किड्यांनी आणि गुरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. माणसाला त्यातून औषधं मिळाली ती कुणीतरी नेमका घटक वेगळा काढला आणि त्याची मात्रा मोजली म्हणून. पान चावताना हे मोजमाप कुठे होतं?

सदाफुलीचीच गोष्ट बघा. मूळची मादागास्करची, बागांमधून जगभर पसरलेली. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा पीत. १९५२ मध्ये ती पानं टपालाने कॅनडात पोचली आणि वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर तपासली. साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसेना. मात्र अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटत होत्या. एखाद्याने प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबल आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी मारणारी गोष्ट रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपयोगी पडेल. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. अमेरिकेतल्या इलाय लिली कंपनीचंही याच झाडावर स्वतंत्र काम चालू होतं, तिथून व्हिनक्रिस्टिन निघालं आणि १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

म्हणजे ढकलपत्रातल्या दोन दाव्यांपैकी साखरेचा दावा त्या पहिल्याच तपासणीत टिकला नाही. कॅन्सरचा दावा खरा आहे, पण तो झाडातून काढलेल्या दोन रेणूंबद्दल आहे, पानाबद्दल नाही.

बंड्या_बिनसाखरेचा

ताई, लेख झकास. पण आमचे काका वर्षभर पानं खातात आणि त्यांची साखर खरोखर उतरली आहे. याचं काय करायचं?

रानजाई

काकांनी त्याच काळात चालायला सुरुवात केली का? गोळी बदलली का? भात कमी केला का? पथ्याला लागलेला माणूस एकच गोष्ट सहसा बदलत नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत अर्काने साखर उतरलेली दिसते, तेवढ्यावर माणसाला रोजचा डोस ठरवून देता येत नाही. काकांना एकदा रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्यायला सांगा, पांढऱ्या पेशींसकट.

पेशीवेडा

कॅन्सर विभागात काम करतो, म्हणून या दोन औषधांबद्दल लिहितो.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला सूक्ष्मनलिकांचे दोर लागतात. ते दोर ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे. व्हिनक्रिस्टिन या ट्युब्युलिनला चिकटतं, दोर विणलेच जात नाहीत आणि पेशी अर्ध्या विभाजनात अडकून मरते. मज्जातंतूंच्या लांब धाग्यांमध्येही हेच दोर वाहतुकीचं काम करतात. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, पाऊल लुळं पडतं, जबडा दुखतो, बद्धकोष्ठता तर हमखास. औषधाचा गुण आणि त्रास एकाच ठिकाणाहून येतात.

आता हिशेब. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी सुमारे २,००० किलो. मोठ्या माणसाला एका वेळी द्यायची व्हिनक्रिस्टिनची मात्रा साधारण २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. म्हणजे एका डोसमागे चार किलो सुकी पानं. शिवाय हे औषध तोंडावाटे घेतलं तर भरवशाने शोषलं जात नाही, शिरेतूनच द्यावं लागतं. पाच पानांत कॅन्सरला पुरेल इतकं काही नाही आणि जे आहे ते पोटातून पोचत नाही. त्याच पानांत आणखी शंभरावर अल्कलॉइड आहेत, ते मात्र पोटात जातात. केमो चालू असलेल्या रुग्णाने तर हा उद्योग अजिबात करू नये. व्हिनक्रिस्टिन यकृतात मोडलं जातं आणि तिथे दुसऱ्या कशाने अडथळा आणला की औषध अंगात साठतं. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलसारख्या गोळ्यांमुळे हे होतं, हे आम्ही वॉर्डात बघतो.

हेच औषध चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर रुग्ण बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक तक्रार लेखाच्या दिशेने नाही, पण नेहमी ऐकू येणाऱ्या वाक्याबद्दल: ‘सदाफुलीमुळे मुलांचा रक्ताचा कॅन्सर बरा होतो.’ १९६० च्या आधी त्या मुलांपैकी फार थोडी वाचत, आज चांगल्या केंद्रांत दहातली नऊच्या आसपास वाचतात. पण यात व्हिनक्रिस्टिन हा एक भिडू आहे. स्टेरॉइड, अस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट, रक्त-प्लेटलेटची सोय, संसर्ग आवरणारी प्रतिजैविकं हे सगळं एकत्र आलं तेव्हा हे जमलं.

जुना_पिंपळ

वाचतोय. सर्पगंधेवर कुणी लिहिणार असेल तर आधी माझं ऐका, कारण ही गोष्ट आमच्या परळची आहे.

घरात सत्तरीच्या दशकात रक्तदाबाची एकच गोळी माहीत होती, ॲडेल्फेन. आजोबांच्या कपाटात तिची पट्टी कायम. ते नाकाने सूं सूं करत आणि दुपारी पेंगत. पुढे कळलं की नाक चोंदणं आणि सुस्ती हे त्यातल्या रेसरपिनचे नेहमीचे परिणाम. आणि रेसरपिन सर्पगंधेच्या मुळातलं.

१९३१ हे या झाडाचं साल म्हणायला हवं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे मूळ रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर चालतं. जगाने फारसं लक्ष दिलं नाही. मग केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईतल्या रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेलं काम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आलं. ते वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी तिकडे वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत रेसरपिन शुद्ध रूपात मिळालं. १९५७ चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार ज्यांना मिळाला त्यात वकील होते. परळ नाक्यावर उभं राहून विचारा, दहा जणांत एकाला तरी हे नाव ठाऊक आहे का.

टीपकागद

पिंपळकाका, जबरदस्त. याला पुढचा अंक जोडतो.

रेसरपिनने मेंदूतल्या पेशींच्या साठ्यातून सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन हे निरोप पोचवणारे पदार्थ रिकामे होतात. ही गोळी घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आलं आणि ‘हे पदार्थ कमी झाले की मन खचतं’ अशी कल्पना पुढे आली. नैराश्याच्या गोळ्यांचं एक अख्खं युग या कल्पनेवर उभं राहिलं. आज ती कल्पना इतकी सरळसोट कुणी मानत नाही आणि रेसरपिनने नैराश्य येतंच का यावरही वाद आहे. पण आपल्या झाडाच्या एका मुळाने मानसोपचाराला एक मोठा प्रश्न दिला, हे खरं.

अजमलीनचा उपयोग तर अजून गमतीचा. ब्रुगाडा नावाचा हृदयाचा आजार आहे, त्यात तरुण धडधाकट माणूस झोपेत जाऊ शकतो आणि नेहमीच्या ईसीजीत कधीकधी काहीच दिसत नाही. अशा संशयितांना दवाखान्यात, सगळी तयारी ठेवून, शिरेतून अजमलीन देतात. आजार असेल तर ईसीजीवर तो उघडा पडतो. हकीमसाहेबांचं नाव असं युरोपातल्या हृदयविभागांत रोज घेतलं जातं.

याच कुळातलं ओउआबेन आफ्रिकेत बाणांना लावायचं विष. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप शोधला, तेव्हा आपण पाहतोय तो पंपच आहे याची खात्री त्याला ओउआबेनमुळे पटली, कारण हे विष नेमकं तिथेच बसतं. १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल. आणि आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी मोहिमेतला जॉन कर्क! त्याचा दात घासायचा ब्रश बाणाच्या विषाच्या पुडीबरोबर एकाच पिशवीत होता. दात घासल्यावर तोंड कडू झालं आणि नाडी मंदावली. ते विष याच कुळातल्या स्ट्रोफँथसचं, त्याच्या बियांपासून पुढे हृदयाचं औषध झालं.

काढेवाला

धागा उत्तम, पण सूर थोडा एकांगी होतोय, म्हणून लिहितो. ‘पान चावू नका’ हे आयुर्वेदवाल्यांना शिकवायची गरज नाही. अर्क म्हणजे रुई आणि करवीर म्हणजे कण्हेर आमच्या उपविषांच्या यादीत शेकडो वर्षं आहेत. करवीराचं मूळ वापरण्याआधी दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी भांड्यात टांगून, गाईच्या दुधात स्वेदन करतात, तो विष उतरवायचा शोधनविधी आहे. आजच्या कायद्यातही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत हे दोन्ही आहेत, म्हणजे ज्या तयार औषधात ते असतील त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ढकलपत्र लिहिणारे वैद्य नसतात. त्यांच्या पापाची पावती आमच्या नावावर फाडू नका.

सदाफुली तर चरक-सुश्रुतात नाहीच, ती बाहेरून आलेली. तिला ‘प्राचीन आयुर्वेदिक उपाय’ म्हणणारा पहिल्या वाक्यातच उघडा पडतो.

सर्पगंधेबद्दल माझा अनुभव असा की मुळाचं चूर्ण कमी मात्रेत, झोप न येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला चांगलं लागू पडतं. मात्र ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याला मी देत नाही. आम्लपित्ताचा जुना त्रास असेल तरी नाही.

टीपकागद

काढेवालाजी, शोधनाचा मुद्दा मान्य. फक्त एक शंका. शोधनाने विषारी घटक किती घटतो हे प्रत्येक वेळी मोजलं जातं का? आणि मुळातलं रेसरपिनचं प्रमाण जागा, हंगाम, झाडाचं वय यावर बदलतं. मग तुमची ‘कमी मात्रा’ दर वेळी सारखी कशी राहते?

काढेवाला

चांगल्या औषधशाळा प्रमाण तपासून घेतात. सुटं चूर्ण बाजारातून आणणाऱ्याकडे ही खात्री नाही, हे कबूल. म्हणून मी सुटं देत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे: जंगलातली सर्पगंधा मुळासकट उपटली जाते, त्यामुळे झाडच संपतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात ती आहे. बाजारात तिच्या नावाखाली तिच्याच राउवोल्फिया वंशातल्या दुसऱ्या जातींची मुळं विकली जातात. उपळसरीचंही तेच. खरी उपळसरी बारीक मुळाची, चुरगळली की गोड वास येणारी. तिच्या जागी दक्षिणेतली जाडजूड माकळी-बेरू खपवतात, वास जवळपास तोच.

मालवणी_खाजा

सातवीण म्हटल्यार माका रवाक नाय! आमच्याकडे चावदिसाक पहाटे आंघोळ झाली की तुळशीकडे कारीट फोडतत आणि मगे सातवणीच्या सालीचो रस. कडू जहर. पोरां तोंड वाकडां करतत, पण आजी सोडीत नाय. तो पोटात गेल्याशिवाय फोव मिळणत नायत.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. चावदिस म्हणजे नरकचतुर्दशी.) दक्षिण कानडा आणि उडुपीकडे आषाढी अमावास्येला हाच प्रकार, तिकडे झाडाला पाले म्हणतात. आजी सांगायची, वर्षभर ताप येत नाही. याला शास्त्रीय आधार आहे का? आणि कुड्याबद्दलही लिहा. पावसाच्या तोंडावर आमच्याकडे कुड्याच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते, उकडून पाणी काढून टाकायचं आणि वर भरपूर खोबरं. फुलांचीही करतात.

रानजाई

खाजाराव, तुमच्या आजीचं बोट बरोबर जागी आहे, फक्त दावा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात फिलिपिन्समध्ये सातवणीची साल क्विनीनच्या जागी हिवतापाला देत, साहेबाच्या औषधकोशातही ती होती. नंतर नीट तपासलं तर हिवतापाच्या जंतूवर परिणाम फिका निघाला. तापाच्या इतर कारणांवर ती काही करत असेल, सूज आणि खोकल्यावर अजून काम चालू आहे. आपल्याकडे केंद्रीय आयुर्वेद परिषदेने हिवतापासाठी बनवलेल्या आयुष-६४ मध्ये सातवीण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तीच गोळी पुन्हा पुढे आली.

पण एक गोष्ट पोरांना नक्की शिकवा. कोकणात काजराही वाढतो, म्हणजे कुचल्याचं झाड, आणि त्याच्या सालीत स्ट्रिकनिन असतं. पहाटेच्या अंधारात साल तासायला जाणाऱ्याला दोन्ही झाडं पक्की ओळखता आलीच पाहिजेत. सातवणीची पानं एकेका पेरावर गोल फेरात, बहुधा सात, आणि सालीला पांढरा चीक. काजऱ्याची पानं समोरासमोर दोन, बुडापासून निघालेल्या ठळक शिरांची, आणि चीक नाही. उजेडी जाऊन झाडाला खूण करून ठेवा.

घाटावरची

अवांतर: सातवणीचं हे कौतुक ऐकून माझं डोकं दुखायला लागलं आहे. आमच्या रस्त्यावर पालिकेने ओळीने लावल्यात. दसरा ते दिवाळी संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नाही. ज्यांना तो सुगंध वाटतो त्यांनी माझ्याकडे राहायला यावं.

चिमणचारा

घाटावरची, +१. एक झाड लांबून छान. पन्नास झाडं म्हणजे शिक्षा. शांतिनिकेतनात पदवी घेणाऱ्यांना सप्तपर्णीचं, म्हणजे सातवणीचंच, पान देत असत, तिथे ठीक आहे.

दृष्टिभेद

नेत्रविभागात काम करते. रुईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

शनिवारी मारुतीसाठी माळा ओवणारे आणि गुडघ्यावर शेकायला पानं तोडणारे, यांच्या डोळ्यांत चीक जातो. ऐकायला विचित्र वाटेल, पण फारसं दुखत नाही, चिकामुळे डोळ्याचा पुढचा भाग बधिर होतो. म्हणून लोक घरीच थांबतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुरकट दिसायला लागल्यावर येतात. तोवर पारदर्शक पटलाला सूज आलेली असते, कारण ते कोरडं ठेवणाऱ्या आतल्या पेशींना चिकाने इजा केलेली असते. बहुतेकांची नजर उपचाराने परत येते, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. चीक गेला की लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ डोळा धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. मुलांना रुईच्या बोंडाशी खेळू देताना लक्ष असू द्या.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागातून. बिट्टीचं लिहितो, आणि जपून लिहितो.

श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्याकडे, १९८० च्या दशकापासून बिट्टीच्या बियांच्या विषबाधा इतक्या वाढल्या की तिथल्या डॉक्टरांनीच यावर सगळ्यात जास्त शिकवलं. हृदयाची गती एकदम मंदावते, ठोके अनियमित होतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं. तपासणीत गंमत अशी की डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध रक्तात मोजण्याची नेहमीची चाचणी बिट्टीच्या आणि कण्हेरीच्या ग्लायकोसाइडनाही प्रतिसाद देते. त्यामुळे निदानाला मदत होते, पण आकड्यावरून बाधा किती गंभीर हे ठरवता येत नाही. उतारा आहे: डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं, २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये श्रीलंकेतली चाचणी छापून आली आणि ठोके झपाट्याने सुधारतात हे दिसलं. पण हा उतारा महाग आहे आणि जिथे सर्वात जास्त लागतो तिथेच मिळत नाही. केरळच्या खाडीकाठी वाढणारं ओथलमही याच कुळातलं आणि याच जातीचं विष.

घरात असं काही झालं तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. माणूस बोलतोय, चालतोय म्हणून निर्धास्तही राहू नका, ठोके काही तासांनी बिघडू शकतात. सरळ दवाखाना गाठा आणि झाडाची डहाळी किंवा फळ बरोबर न्या.

महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर का लावतात, हे मला गावच्या धनगराने सांगितलं. शेळी तोंड लावत नाही.

ओहायोची_वहिनी

अगदी वेळेवर धागा! २०२० मध्ये इकडे कण्हेरीतल्या ओलिअँड्रिनचा केवढा गाजावाजा झाला होता. करोनावर चालतं म्हणे, आहारपूरक म्हणून विकायचा घाट होता. अन्न व औषध प्रशासनाने ते मान्य केलं नाही. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आमच्या इकडच्या बायाही तितक्याच भाबड्या होतात.

आणि हुडिया आठवतं का? वजन कमी करायला. कलहारी वाळवंटातले सान लोक शिकारीला जाताना भूक मारायला चघळतात ते निवडुंगासारखं झाड, पण आहे रुईच्या नातलगांतलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात पेटंट घेतलं तेव्हा सान लोकांना कुणी विचारलंही नव्हतं. ओरड झाल्यावर २००३ मध्ये नफ्यात वाटा द्यायचा करार झाला. मोठमोठ्या कंपन्या आत आल्या आणि काही वर्षांनी परिणाम आणि सुरक्षितता पटेना म्हणून बाहेर पडल्या. वाटा कशात घ्यायचा, हा प्रश्नच उरला नाही.

चिमणचारा

मग सदाफुलीच्या नफ्यातून मादागास्करला काय मिळालं?

रानजाई

काहीच नाही. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा, औषधं त्याच्या तीस वर्षं आधीची. शिवाय पानं जमैकातून आली होती, झाड जगभर बागांत होतं, कुणाचा हक्क कसा ठरवायचा हेही सोपं नाही. पण मधुमेहाला ही पानं वापरून पाहणाऱ्या जमैकातल्या लोकांमुळेच ती पानं प्रयोगशाळेत पोचली, हे विसरता येत नाही.

आता तर पानांवरचं अवलंबनही सुटू लागलं आहे. झाड व्हिनब्लास्टिन बनवतं ते व्हिंडोलिन आणि कॅथरॅन्थिन हे दोन तुकडे जोडून. त्या साखळीतल्या हरवलेल्या शेवटच्या पायऱ्या २०१८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरने शोधल्या. २०२२ मध्ये यीस्टमध्ये जनुकं घालून हे दोन्ही तुकडे यीस्टकडूनच बनवून घेतले आणि मग प्रयोगशाळेत जोडले. प्रमाण अजून फार थोडं आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिनक्रिस्टिनचा तुटवडा पडला आणि मुलांच्या वॉर्डात डॉक्टरांना डोस मागेपुढे करायची वेळ आली, ते पाहिलं की हा खटाटोप कशासाठी ते कळतं.

तासगावकर

मॅडम, मी शेतकरी. सदाफुलीला पाणी कमी लागतं, जनावर खात नाही. दोन एकर लावू का? एक एजंट ‘हमी भाव’ म्हणतोय.

रानजाई

लखनौच्या सीमॅप या सरकारी वनौषधी संशोधन संस्थेने निर्मल आणि धवल नावाचे वाण काढले आहेत आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे ही शेती होते, म्हणजे पीक म्हणून ती नवी नाही. पण घेणारे मोजके आहेत. एजंटच्या तोंडच्या भावावर लावू नका. पानं हवीत की मुळं, किती वाळलेली, अल्कलॉइड किती टक्के भरले तर माल घेणार, हे खरेदी करणाऱ्या कंपनीच्या लेखी करारात आहे का ते बघा. नसेल तर बांधावर एक ओळ लावा आणि दोन एकरांत जे लावता तेच लावा.

बंड्या_बिनसाखरेचा

एक राहिलं. गुडमार याच कुळातली ना? ती तरी मधुमेहाला खरी का?

काढेवाला

हो, याच कुळातली. पान चघळून लगेच साखर तोंडात टाका, वाळू खाल्ल्यासारखी लागेल. जिम्नेमिक आम्लं जिभेवरचा गोडाचा ग्राहक अडवतात, परिणाम अर्धा-पाऊण तास टिकतो. साखर उतरवण्याबद्दल मद्रासकडचे १९९० चे छोटे अभ्यास आहेत, रुग्ण थोडे आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. मी पूरक म्हणून देतो. काकांची गोळी बंद करायची नाही, आणि गोळी चालू असताना साखर फार खाली जात नाही ना हे मोजत राहायचं.

मालवणी_खाजा

रानजाईताई, कुडा राहिला! आमच्या परसात दोन झाडं आहेत, एक काळा कुडा म्हणतात आणि एक पांढरा. पोट बिघडलं की आई एकाची साल उगाळून देते. नेमकं कुठलं?

रानजाई

आवेचं औषध म्हणतात तो पांढरा कुडा, होलार्हिना. त्याची साल आणि बिया, म्हणजे कडू इंद्रजव, दोन्ही कडूजार. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत कर्नल चोप्रांनी यावर बरंच काम केलं आणि मेट्रोनिडाझोल येण्याआधी अमीबाच्या आवेला कुड्याचं बिस्मथबरोबरचं संयुग दवाखान्यांतून देत. त्यातलं कोनेसिन हे अल्कलॉइड शुद्ध रूपात जास्त दिलं तर मात्र झोप उडायची, भ्रम व्हायचा. काळा कुडा म्हणजे राइटिया, त्याचे इंद्रजव गोडे, केरळात त्याच्या पानांचं तेल त्वचारोगाला लावतात. बाजारात सालीची भेसळ या दोघांतच होते.

फूल हाताशी असेल तर बघा: राइटियाच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्या कुड्याचं फूल साधं. शेंगा असतील तर पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या. आईला विचारा कुठल्या झाडाची साल घेते आणि दोन्हींचे फोटो इथे टाका, शेंगांची टोकं दिसतील असे. आणि आवेत रक्त असेल किंवा ताप असेल तर साल उगाळत बसू नका, डॉक्टरकडे जा.

मालवणी_खाजा

शेंगा आता नायत, फुलां आसत. उद्या सकाळी काढून टाकतंय.